चित्र हललं

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला असं झालंय. उजव्याला काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस.

वहिनीने तुझ्या परिषदेतल्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. दूर बसलेला जाणकार दुसऱ्याच्या हातांकडून काम कसं करून घेतो, ते छान समजावलंस. मागे पडद्यावर माझे हात होते आणि बाबांचा पलंग होता. त्यांना तू ‘रुग्ण’ म्हणालास, मला ‘वापरकर्ती’. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला इतक्या टाळ्या मिळतात हे मला ठाऊक नव्हतं. मी व्हिडिओ बंद केला आणि बाबांची चादर बदलायला गेले, अर्थात एका हाताने.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाच तुझ्या त्या पट्टीचं कौतुक होतं. बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि त्यांना कसं उचलायचं हे मला काही म्हणता काही येत नव्हतं. तू कपाळावर बांधायची पट्टी पाठवलीस. तिच्या कॅमेऱ्यातून तुला माझे हात दिसायचे, माझ्या डोळ्यांपुढच्या काचेवर तुझे हिरवे बाण उमटायचे आणि कानात तुझा आवाज यायचा. खांद्याखाली हात घाल, गुडघा वाकव, आता कुशीवर वळव. त्यांच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत त्याचं श्रेय त्या बाणांनाही आहे. पण बाणाला वजन नसतं, दादा. बाबांना आहे, आणि ते सगळं मी पेलत होते.

कॅमेरा तू खाली, हातांवर रोखलास. आवाज फक्त माझ्या कानात ठेवलास. त्यामुळे बाबांचा चेहरा तुला कधी दिसला नाही आणि तुझा आवाज बाबांना कधी ऐकू आला नाही. त्यांच्या कानावर पडायचं ते माझं ‘हो दादा, कळलं दादा’. दादा म्हटलं की त्यांचे डोळे दाराकडे जायचे. फोन करायचास तो मला, तोही घाईत. त्यांना बोलता येत नाही, मग फोन देऊन काय उपयोग, असं म्हणायचास. अरे, वाचा गेलीय, कान नाही गेले. पट्टीला एक साधा स्पीकर लाव म्हटलं, तर म्हणालास, आवाज घुमतो, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढच्या आवृत्तीपर्यंत बाबा असतील का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी आमच्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या रेडिओवाल्याकडून मीच स्पीकर जोडून घेतला. टेबलावर ठेवला. तुला सांगितलं नाही, बाबांना मात्र सांगितलं की आज दादा बोलणार. त्यांची दाढी केली, धुतलेला सदरा घातला. मी त्यांना पलंगावरून खुर्चीत घेत होते, तेवढ्यात तुझा आवाज खोलीत आला आणि बाबा त्या आवाजाकडे वळले. लुळ्या बाजूला वळले रे, तू कुठे आहेस ते बघायला. पाय सटकला. मी त्यांना पडू दिलं नाही, पण सगळा भार माझ्या उजव्या मनगटावर आला आणि आत काहीतरी तुटलं. टेबलावरून तू म्हणालास, चित्र हललं, तेवढं पुन्हा कर. ते आम्ही दोघांनी ऐकलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. इतक्या महिन्यांनी मुलाचं कानावर पडलेलं बोलणं ते एवढंच. मी पट्टी काढून फेकली, तर तुझा मेसेज आला, बॅटरी संपली का.

पुढच्या सोमवारी माझ्या मनगटाची शस्त्रक्रिया आहे. चष्म्याचा बारीक स्क्रू या हाताने पुन्हा धरता येईल की नाही, डॉक्टर आज सांगत नाहीत, आणि माझं पोट त्या स्क्रूवर आहे. दीड महिना काही उचलायचं नाही. शेजारच्या मावशी रविवारपर्यंत बाबांचं बघतील, पुढे त्यांनाही जमणार नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय. रविवारी ये. पट्टी पुसून खुंटीला अडकवलीय, ती तू बांधायची. मी शेजारच्या खोलीत हात गळ्यात अडकवून बसेन आणि बाण दाखवेन. तुझ्याकडूनच शिकलेय. पहिला बाण हातांकडे नसेल, वर असेल. आधी बाबांच्या चेहऱ्याकडे बघ, मग त्यांना उचल.

तुझीच,
अजून राग न गेलेली,
धाकटी