बारा जणांचा मेनू, वजनावर

शनि. २९ नोव्हें.
आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा कॅम्प ठरला. २० आणि २१ डिसेंबर. कासा गावाच्या पुढे सूर्या नदीकाठी, जयवंतच्या मेव्हण्याचं शेत. बारा जण. वसईच्या होळी गावातून जयवंतचा फोन, "भाजी माझ्या वाडीतली. जेवणाचं तुझ्याकडे, नेहमीसारखं." बरं म्हटलं.
फोन ठेवला तर शुभा दारात उभी. "सांगितलंत त्यांना?"
"नाही."
गणपतीतल्या तापानंतर नाकाला वास येत नाही. तीन महिने होत आले. खारट, गोड, आंबट कळतं, मिरची झोंबते. बाकी सगळं तोंडात कापूस. बायको आणि डॉक्टर सोडून कोणाला माहीत नाही.

मंगळ. २ डिसें.
मेनू. नियम जुनेच: एका भांड्यात होणारं, चिरायला कमी, दुधाचं काही नाही (चहाला पावडर).
शनि. दुपारी पोचल्यावर मुगाची खिचडी, पापड, काकडी. संध्याकाळी पिठलं, घरून नेलेल्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी. रवि. सकाळी पोहे. दुपारी उकडहंडी, मग निघायचं.
आठ वर्षं हे सगळं अंदाजाने केलं. मूठ, चिमूट, नाक. या वेळी काटा. तांदूळ १ किलो, डाळ अर्धा, मीठ वेगळं मोजून. मसाल्याच्या पुड्या बांधायच्या, प्रत्येकीवर नाव. लायब्ररीत सव्वीस वर्षं लेबलं चिकटवली, ती विद्या इथे उपयोगी.
उकडहंडीचं काय करायचं कळत नाही. ती घड्याळावर होत नाही. मडक्याचं तोंड बंद, आत कोनफळ, रताळी, वालपापडी. वास सुटला की उतरवायची. वास सुटला की.

गुरु. ४ डिसें.
लायब्ररीतून आल्यावर पिठल्याची तालीम. ढवळत उभा होतो. शुभा गॅलरीतून धावत आली, "अहो, करपतंय!" खाली बोटभर काळा थर. वरून पिवळंधमक. मी कढईपासून हातभर अंतरावर.
टाकून दिलं. कढई मीच घासली.
शुभा म्हणाली, "आयरीनला तरी सांगा." सांगतो म्हटलं.

रवि. ७ डिसें.
आयरीनबरोबर अर्नाळ्याला, जवळा आणायला. आयरीन वसईची, शाळेत शिकवते, कॅम्पची खरेदी दर वर्षी आम्ही दोघंच करतो. टोपलीवाल्या बाईने ओंजळ पुढे केली, "पानी लागलं नाय भाऊ, वास घ्या." घेतला. छान आहे म्हणालो.
आयरीनने त्याच ओंजळीत नाक घातलं. "हा कुबट आहे." बाई हसली आणि दुसऱ्या टोपलीतला काढला.
स्कूटरपाशी आल्यावर आयरीन: "तुला कसं नाही कळलं?"
"सर्दी आहे."
"केव्हाची?"
स्कूटर सुरू केली. एवढा सोपा मोका होता.

बुध. १० डिसें.
नाकाच्या डॉक्टरांकडे. वास परत येईल, किंवा नाही. किती दिवसांत, सांगता येत नाही. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, रोज दोनदा हुंगायचं, आठवायचं. निघताना म्हणाले, गॅसपाशी एकटे राहू नका. शुभाला लवंग-लिंबाचं सांगितलं. गॅसचं नाही.
का सांगत नाही? चढावर मी सगळ्यात मागे. गाणी येत नाहीत, पत्त्यांत हरतो. ग्रुपमध्ये मी म्हणजे जेवण. बस, एवढंच कारण.

शुक्र. १९ डिसें.
पुड्या तयार. एकोणीस. शुभाने एकेक उघडून हुंगली, जिऱ्याच्या पुडीवर ओवा लिहिला होता तो बदलला. ती येत नाही, तंबूत तिला झोप लागत नाही. "आयरीनला सांगितलंत?" "गाडीत सांगतो."

शनि. २० डिसें. शेतावर
उजेड आहे तोवर लिहितो. खिचडी उत्तम झाली. जयवंत दोनदा घेऊन म्हणाला, "या वर्षी काय जादू केलीस? मीठ एकदम बरोबर." काट्याची जादू. मला मऊ आणि गरम एवढंच कळलं, पण भांडं निपटलेलं पाहून बरं वाटलं. कदाचित कोणाला कळायची गरजच नाही.
गाडीत बोललो नाही. आयरीन पुढच्या सीटवर होती.
नदीवर वारा फार. स्वयंपाकाचा तंबू सगळ्यात मोठा आणि उबदार, म्हणून जयवंतची बायको, हेमावहिनी, त्याच्याच कोपऱ्यात झोपणार आहेत.

रवि. २१ डिसें. शेतावर, दुपार
जे झालं ते क्रमाने.
सकाळी मी पहिला उठलो. चहासाठी स्वयंपाकाच्या तंबूत. थंडी म्हणून पडदा मागे ओढून घेतला. हेमावहिनी पांघरुणात. शेगडीचा नॉब फिरवला, लायटर पेटेना. काडेपेटी शोधायला पिशव्या उपसल्या. एक, दुसरी, तिसरी. आवाज होऊ नये म्हणून सावकाश. नॉब चालूच. किती वेळ गेला, चार मिनिटं? पाच? पेटी सापडली. काडी हातात.
पडदा उघडला आणि आयरीन, तोंडात ब्रश, ओरडली, "सतीश, काडी नको! टाक ती!"
टाकली. का ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.
जयवंत धावत आला. नॉब बंद केला, सिलिंडर उचलून शेतात नेला. हेमावहिनींना आयरीनने दंडाला धरून बाहेर काढलं. गॅस खाली बसतो. त्या जमिनीवरच झोपल्या होत्या.
मग सांगितलं. सगळ्यांसमोर, उभ्याने. गणपतीपासून वास नाही.
जयवंत म्हणाला, "तीन महिने? आणि हे आत्ता सांगतोस?" त्याने तंबूकडे हात केला. "हेमा आत होती, सतीश." तो नदीकडे निघून गेला.
आयरीन: "सर्दी म्हणालास मला."
हेमावहिनी शाल गुंडाळून बांधावर बसल्या.
पोहे आयरीनने केले, बाहेर, तीन दगडांच्या चुलीवर. माझ्या पुड्या वापरल्या.

त्याच दिवशी, घरी
उकडहंडी जयवंतने लावली. मी लांब बसून कोनफळ सोलत होतो. हात खाजत होते, ते बरं वाटत होतं. बऱ्याच वेळाने तो माझ्यासमोर उभा राहिला. "ओवा किती?" पुडी दिली. "सगळा?" "सगळा." एवढंच.
मडकं विस्तवावर. सगळे गप्पा मारत होते. अचानक आठ-दहा माना एकदम मडक्याकडे वळल्या. कोणी बोललं नाही, फक्त वळल्या. तेव्हा कळलं, वास सुटला.
जेवलो. रताळं गोड होतं.

सोम. २२ डिसें.
शुभाला काल रात्री नाही, आज सांगितलं. डॉक्टर गॅसबद्दल काय म्हणाले होते तेही. तिने ऐकलं. कुकरची शिटी झाली, ती उठली, बंद केला, परत येऊन बसली.
"काडी ओढली असतीत तर?"
तिने आयरीनला फोन लावला, आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बोलली. बाहेर आल्यावर म्हणाली, "उद्यापासून चहा मी करीन. भांडू नका." भांडलो नाही.

शनि. २७ डिसें.
जयवंत आला. मनवेलपाड्याला, आमच्या घराचे तीन जिने चढून, केळ्यांचा फणा घेऊन. इकडचं तिकडचं बोलला. मग, "फेब्रुवारीत परत जायचं म्हणतायत. मेनू तूच कर. पुड्यापण तूच बांध. शेगडीला हात लावायचा नाही."
"आणि तू?"
"मी काय. रागावलो होतो. अजून थोडा आहे."
चहा घेतला. उठताना म्हणाला, "हेमा येणार नाही म्हणते. तुझ्यामुळे नाही, असं म्हणते."
तो गेल्यावर शुभा म्हणाली, "फोन करू नका. जाऊन भेटा."

रवि. २८ डिसें.
होळी गावात, जयवंतच्या वाडीवर गेलो. जयवंत बाजारात गेला होता. हेमावहिनी विहिरीपाशी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. बसा म्हणाल्या, पाट दिला. मी रस्ताभर घोकलेलं बोललो. चूक माझी, लपवायला नको होतं, तुमच्या जिवावर बेतलं असतं. त्या जुड्या बांधत ऐकत होत्या.
मग म्हणाल्या, "भाऊजी, मी जागी होते."
मला नीट समजलं नाही.
"तुम्ही पिशव्या उचकत होतात, ऐकू येत होतं. गॅसचा वासही आला मला. चांगला आला." सुतळीची गाठ मारली. "म्हटलं, भाऊजी आहेत ना तिथे. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं."
विहिरीवरचा पंप चालू होता. त्यांनी पुढची जुडी घेतली.
"जयवंतला सांगितलंत हे?"
"नाही. तुम्हीपण सांगू नका."
फेब्रुवारीचं विचारलं. "बघू," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता दोन जुड्या पिशवीत घातल्या. नको म्हणता येईना.

मंगळ. ३० डिसें.
फेब्रुवारीचा मेनू लिहायला घेतला. शनि. दुपार, वरणभात. वर किती जण ते अजून लिहिलेलं नाही. अकरा की बारा.