परकं पिल्लू पोटाशी

४ नोव्हेंबर

आले एकदाची. पारोळा सोडून धुळ्याकडे निघालं की हायवेपासून आत जीवराम नानांचं ससेपालन आहे. पिंजरे स्वच्छ, लसूणघास हिरवागार, राहायला वेगळी खोली. संकराचं सगळं काम मी बघायचं. मला पाचवा लागलाय म्हणून जळगावहून सोडायला आलेला माझा नवरा भूषण वाटभर तोंड वाकडं करून होता. त्याला म्हटलं, माहेरी आई नाही, इथे निदान नानांच्या पत्नी तानुअक्का तरी आहेत. अक्कांनी आल्या आल्या माझ्या डोक्याला तेल घातलं. म्हणाल्या, "पोर, तुना केस भलता चांगला शेतस."

६ डिसेंबर

नानांना भराभर वाढणारी जात हवी आहे. आपली गावठी मादी आणि वजनदार नर. मादी नराकडे न्यायची असते, नर तिच्याकडे नाही. इथे ती मागच्या बंद खोलीत नेतात. नर मला दाखवत नाहीत, परक्याची नजर लागते म्हणे. डिप्लोमा घेऊन आलेली मीच परकी! हसून सोडून दिलं.

७ जानेवारी

माद्या व्यायल्या. तिघी मेल्या. पिल्लं नको तेवढी मोठी. आई नसलेलं पिल्लू दुसरीला लावायची युक्ती मी अक्कांना शिकवली. मादी स्वतःची लव उपटून घरटं करते, त्या लवेत पिल्लू घोळायचं. स्वतःचा वास आला की ती परकं पिल्लूही पोटाशी घेते. अक्कांनी दोनदा विचारून घेतलं. शिष्या असावी तर अशी.

२० जानेवारी

एक सोडून सगळी पिल्लं गेली. त्या एकाला कुठलीच मादी घेत नाही, नुसतं आणलं तरी कोपऱ्यात अंग चोरतात. अंगावर अजून लव नाही. डोळे माझ्यामागे फिरतात. मारून टाकू म्हटलं तर नाना भडकले, वंश ह्याच्यावरच चालायचाय म्हणाले. अक्कांनी ते मागच्या खोलीत नेलं.

३ फेब्रुवारी

अक्का रोज माझी वेणी घालतात. कंगव्यातला गुंता पदरात बांधतात. केस उघड्यावर टाकू नयेत म्हणतात, म्हणून कधी विचारलं नाही. आज मागची खोली उघडी होती. खोक्यात माझे केस. त्यात खळगा, हात लावला तर ऊबदार. मला भीती वाटते. भूषणला फोन केला. रविवारी न्यायला येतो म्हणाला.

६ फेब्रुवारी

कळा येताहेत. आठवाच आहे अजून. सकाळी अक्कांनी काढा दिला होता — फोन सापडत नाही — रविवार परवा —

तारीख कळत नाही

बाळंत झाले. बाळाचं रडणं ऐकलं, एकदाच, अक्का त्याला मागच्या खोलीकडे नेताना. मग अक्कांनी दुपट्यात गुंडाळून आणून दिलं. जड आहे. उघडू नको म्हणाल्या, वारं लागेल.

हे माझं नाही. मला माहीत आहे. पण डोक्याला माझ्या तेलाचा वास — माझ्या केसांचा — आणि दूध आपोआप —

बाहेर भूषणची गाडी. ओरडायला हवं. माझं बाळ मागच्या खोलीत —

पण हे भुकेलंय. आधी ह्याला —