काचेवरचा काळा थर

५ मार्च, शिरपूर
आले एकदाची! जळगावहून धुळे, तिथून इथं. आईनं बांधून दिलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या एसटीतच संपल्या. प्रयोगशाळा गावाबाहेर, कपाशीच्या शेतांपलीकडे. प्रयोगशाळेचे प्रमुख योगराज सर, त्यांनी स्वतः चहा केला. शिशाऐवजी कथील वापरून सोलर सेल बनवायचा, हे आमचं काम. शिसं विषारी. कथील तसं नाही, पण हवा लागली की काचेवर दिलेला त्याचा काळा थर पांढुरका पडतो, सेल मरतो. तो थर टिकवायचा. मला तर आजच सुरुवात करावीशी वाटतेय.

१९ मार्च
सरांचा हात काचेनं कापला. रक्त द्रावणात पडलं. मी ते ओतून टाकणार होते, त्यांनी थांबवलं. त्याचाच थर देऊन काच उन्हात ठेवली. बाकीचे नमुने दुपारीच पांढरे पडले. हा काळाच राहिला. सर लहान मुलासारखे हसले. मीही टाळ्या वाजवल्या.

२ एप्रिल
झाडलोट करणाऱ्या भिकुबाईंच्या कोंबड्या नाहीशा झाल्या. पिसं आमच्या बेसिनमध्ये. कोंबडीच्या रक्तानं थर टिकत नाही, असं सर म्हणाले. त्यांच्या दोन्ही दंडांवर ब्लेडच्या रेघा आहेत. भिकुबाईंनी माझा हात घट्ट धरला. "ताई, तू घर निंघी जाय. त्या मानूसनं डोकं फिरी गयं शे."
मी गेले नाही. शोधनिबंधावर माझं नाव येणार आहे.

९ एप्रिल
वॉचमन जीवराम दिसत नाही. सुट्टीवर गेला म्हणे. सायकल मात्र फाटकाशीच. खिडक्यांत नव्या काचा मांडल्यात. एकही पांढरी पडलेली नाही.

दुपार
मागची खोली उघडी होती. जीवराम उलटा टांगलेला. गळा चिरलेला, खाली बादली. फ्रीजमधल्या बाटल्यांवर त्याचं नाव, सरांच्या सुबक अक्षरात.
मागून सरांची सळई बसली. खांदा मोडला बहुतेक. मी ॲसिडची बाटली त्यांच्या तोंडावर फोडली, धावत स्टोअरमध्ये शिरले, कडी लावली. फोन बाहेर टेबलावर, ही वही तेवढी एप्रनच्या खिशात होती. खिडकीला गज.

भिकुबाई आल्या. मी ओरडले, पळा, पळा — त्यांनी विचारलं, "काय जयं, ताई?" — मग सळईचा आवाज. पुन्हा. पुन्हा.

सर दाराशी. चेहरा जळालाय, तरी आवाज शांत. म्हातारीचं फुकट गेलं म्हणतात, फरशीवर सांडलं, हवा लागली. तुझं नीट घेऊ, म्हणतात.

कडीचे स्क्रू पडताहेत. उजवा हात उचलवत नाही, मांडीवरच्या वहीत बोटं कशीबशी चालतात. डाव्यात काचेचा तुकडा आहे — आत आले की डोळ्यातच —

आई, मी —

दार सर