निकेलवर राहिलेला चार्जर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडले आहे ते हृदय. त्याची झडप येत्या गुरुवारी बदलायची आहे. "खरं काय ते सांगा," असे मी सर्जनना म्हटले, तेव्हा त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिले आणि मग उत्तर दिले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती जागा, म्हणजे दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. न्हाणीघराचा नळ उलटा बसवलेला आहे, डावीकडे पिळला की बंद होतो. तो तसाच राहू द्यावा. पंधरा वर्षांत एक थेंब गळलेला नाही.

२. बँकेतील ठेवी व दोन बांगड्या, याही तिलाच.

३. घड्याळदुरुस्तीची हत्यारे, चिमटे, भिंगे व बारीक स्क्रूंचा डबा समोरच्या चष्मेवाल्याच्या सुनेला द्यावा. तिचा हात स्थिर आहे आणि तिला बडबड करायची सवय नाही. या कामात दोन्ही लागतात.

४. छोट्या रिमोटच्या गाड्यांच्या आमच्या क्लबचे अध्यक्ष हयात असल्यास त्यांना माझी चहाची किटली द्यावी. मी क्लबात पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं आलात, चहाचं बघता का?" पुढे क्लबातल्या सगळ्यांच्या बॅटऱ्या मीच भरू लागले आणि लोक मला बॅटरीबाई म्हणू लागले. तळहातावर मावणारी गाडी, तिच्यात करंगळीएवढे चार निकेलचे सेल, नाहीतर लिथियमचा चपटा पॅक. चारही सेल सारख्या ताकदीचे निवडून लावले तर गाडी शेवटच्या फेरीपर्यंत दमत नाही. अध्यक्षांचे सेल मी वर्षभर मुद्दाम न निवडता दिले. ते दर वेळी शेवटच्या फेरीत मागे पडत. किटलीबरोबर त्यांना एवढे कळवावे.

५. गच्चीत वाळूची लोखंडी बादली आहे. तिच्यात तीन फुगलेले लिथियम पॅक पुरले आहेत. त्यांना कोणी हात लावू नये, टोचू नये, केराच्या गाडीत टाकू नये. जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या माणसाला बोलावून बादलीसकट द्यावेत. हे माझ्या मरणाची वाट न बघता केले तरी चालेल.

६. माझे चारही चार्जर, कामाचे टेबल आणि सासऱ्यांनी दोघा भावांसाठी घेतलेला व आता माझ्या नावावर असलेला दुकानाचा गाळा माझ्या धाकट्या दिरांना मिळावा. याचे कारण लिहिणे भाग आहे. वकीलबाई म्हणाल्या, कारण नाही लिहिलंत तरी चालतं. मला चालत नाही.

सतरा वर्षांपूर्वीचा रविवार, दुपारची वेळ. व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये शर्यती चालू होत्या. बाजूच्या खोलीत चार्जिंगचे टेबल होते, आणि भिंतीला ट्रॅकचे जास्तीचे फोमचे तुकडे रचून ठेवले होते. भाऊजींनी आपला लिथियमचा पॅक चार्जरला लावला, चार्जर लिथियमच्या सेटिंगवर ठेवला, मला दाखवलाही. तेवढ्यात त्यांच्या शर्यतीचा पुकारा झाला आणि ते गेले. चार्जिंग चालू असताना खोली सोडायची नाही असा क्लबाचा नियम होता. तो त्यांनी मोडला, हे खरे.

माझ्या यजमानांची शर्यत त्यानंतर होती. त्यांचे निकेलचे सेल थंड पडले होते, आणि थंड सेल जोर देत नाहीत. मी भाऊजींचा पॅक काढला, चार्जर निकेलवर घेतला, करंट वाढवला आणि यजमानांचे सेल पाच मिनिटे तापवून घेतले. मग ते काढून भाऊजींचा पॅक परत लावला आणि बटण दाबले. चार्जर लिथियमवर परत घेतला नाही.

निकेलचा सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित उतरतो, आणि ती खूण ओळखून चार्जर थांबतो. लिथियम तशी खूण कधीच देत नाही. चार्जर बिचारा वाट बघत भरतच राहतो. हे मला पाठ होते. दुसऱ्यांना शिकवायची मी.

यजमानांच्या हातात सेल देऊन मी ट्रॅकपाशी उभी राहिले. पहिल्यांदा आवाज आला, प्रेशर कुकरची शिटी अर्धवट सुटावी तसा. त्या क्षणी मला चार्जरच्या पडद्यावरची 'निकेल' ही अक्षरे डोळ्यांसमोर दिसली. धूर नंतर दिसला. यजमान माझ्याआधी धावले. फोमने पेट घेतला असता तर हॉल गेला असता, म्हणून त्यांनी पेटलेला पॅक उजव्या हाताने उचलला आणि खिडकीबाहेर फेकला. हॉल वाचला. त्यांची तीन बोटे एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. घड्याळदुरुस्तीचा चिमटा त्यांनी पुन्हा धरला नाही.

जिन्यात अध्यक्षांनी विचारले, "हा चार्जर लावला कोणी?"

भाऊजी म्हणाले, "मी लावला होता."

मी तोंड उघडले होते. आतून यजमान ओरडले, आणि मी तिकडे धावले. हे मी स्वतःला सतरा वर्षे सांगत आले. पण दवाखान्यात सहा आठवडे होते, त्यात कोणी ओरडत नव्हते. मी भ्याले. यजमान रोज आधी आपल्या हाताकडे आणि मग माझ्याकडे पाहतील, एवढीच भीती. त्यांनी भावाला सांगितले, "तुझं तोंड मला दाखवू नकोस." भाऊजी दोघांच्या घड्याळांच्या दुकानातून कायमचे गेले. यजमान अकरा वर्षे जगले आणि भावाशी एक शब्द न बोलता गेले. मी शेजारच्या खाटेवर निजत होते.

येथवर शुक्रवारी लिहिले.

शनिवारी दुपारी मी भाऊजींना बोलावून घेतले आणि कलम सहा त्यांच्या हातात दिले. त्यांनी उभ्यानेच वाचले. वाचून झाल्यावर परत पहिल्या ओळीपासून वाचले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"वहिनी, मी घरात मोबाइलसुद्धा चार्जिंगला लावून हलत नाही. शेजारी बसून राहतो. बायको हसते मला. मला वाटायचं, मीच घाईत चुकीचं बटण दाबलं असणार."

"नाही भाऊजी. तुम्ही बरोबर लावला होता. मी पाहिलं होतं."

"पाहिलं होतं," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "आणि हे तुम्ही मेल्यावर कळवणार होतात? तेव्हा मी कोणाशी भांडायचं? भिंतीशी?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "पोरीला सांगा. तुमच्या तोंडाने. उद्याच. मी येतो."

रविवारी मुलगी आली. काकाला बसलेला बघून ती दारातच थांबली. मी कागद न वाचता सगळे सांगितले. मध्ये दोनदा श्वास पुरेना, तरी कोणी "राहू दे" म्हणाले नाही.

माझे संपल्यावर तिने पर्स खुर्चीवर ठेवली. मग म्हणाली, "बाबा गेले त्या दिवशी काका आला होता. मी त्याला जिन्यातच अडवलं. म्हटलं, बाबांना मारून आता बघायला आलास? तू स्वयंपाकघरात होतीस, आई. तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"सगळं?"

"सगळं."

ती काकाजवळ जाऊन उभी राहिली. भाऊजींनी तिची पर्स खुर्चीवरून उचलून तिच्या हातात दिली, एवढेच. जाताना ती मला म्हणाली, "गुरुवारी मी दवाखान्यात असेन. त्याच्यापुढचं मला आत्ता विचारू नकोस." मी विचारलेले नाही. राहती जागा तरीही तिचीच. ती नको म्हणाली तरी तिचीच.

आज सोमवारी सकाळी वकीलबाई व डॉक्टर आले. भाऊजीही आले, आणि वकीलबाईंना म्हणाले, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकीलबाईंनी समजावले, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. तुम्ही सही केलीत तर गाळा तुम्हाला मिळणार नाही."

"नको मिळू दे."

मी म्हटले, "भाऊजी, गाळा तुमच्या वडिलांचा आहे. तो तुमच्या हक्काचा आहे. साक्षीदार कोणीही मिळेल."

"कोणीही नको, वहिनी. त्या दिवशी जिन्यात मी म्हटलं, मी लावला होता. ते सगळ्यांनी ऐकलं. आता तुम्ही जे लिहिलंय, त्याच्याखाली माझं नाव पाहिजे. गाळा पोरीला द्या. मला पेन द्या."

म्हणून कलम सहा दुरुस्त करून लिहिते: गाळा, टेबल व चार्जर माझ्या मुलीला मिळावेत. माझ्या दिरांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. त्यातील कारण मात्र जसेच्या तसे ठेवले आहे, त्यातला एक शब्दही खोडू नये. त्याची एक प्रत क्लबाच्या फळ्यावर लावण्यासाठी मी आजच अध्यक्षांकडे पाठवत आहे. ती माझ्या मरणाची वाट बघणार नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला व त्यांच्यादेखत सही केली.

स्थळ: माझी राहती जागा, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार, सकाळी साडेअकरा

(सही) लिहून ठेवणार, घड्याळदुरुस्ती करणारी

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर. लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीत आहेत. नाडी जलद आहे.
२. (सही) लिहून ठेवणारीचा धाकटा दीर. सगळे ऐकले. चार्जर मी लिथियमवर लावला होता.