वीतभर अंतर

सर, तुमच्या जबड्याचं खरं काय झालं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. तोंडावर मी तुम्हाला पहिल्या नावानं हाक मारायचो, तिकडे सेटवर सगळेच मारतात, पण मनात कायम सर म्हणायचो, कारण पुण्यात वाढलेल्या माणसाची, तीस वर्षांनी मोठ्या गुरूला नावानं हाक मारताना, जीभ अडखळतेच. तो ठोसा चुकून लागला हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना काही वाटेनासंच झालंय. म्हणून आज बसून सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

तुम्ही आयुष्यभर मरत आलात. विशीत असताना अमेरिकेत एका सिनेमाला घोड्यावरून पडायला माणूस हवा होता म्हणून तुम्हाला घेतलं, आणि पुढची चाळीसेक वर्षं कुणी ना कुणी तुम्हाला मारतच राहिलं. दारूच्या गुत्त्याचा कठडा तोडून माडीवरून खाली पडलात, पोलिसी मालिकांमध्ये गल्लीच्या टोकाला गोळ्या खाल्ल्यात, जेलर झालात तर कैद्यांनी तुमचा गळा आवळला, आणि एकदा खाटीकखान्यात हुकाला लटकलात. शंभरावं मरण झाल्यावर मोजणं सोडून दिलं, असं म्हणायचात. मग एका युद्धपटासाठी इंग्लंडला आलात, कपडेपटातल्या बाईंच्या प्रेमात पडलात आणि वॉटफर्डला घर करून राहिलात. ब्रिटिश टीव्हीला अमेरिकन जनरल, अमेरिकन गुंड किंवा अमेरिकन हेर लागला की फोन तुमच्याकडेच. तुमचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. सुपरमार्केटात एक बाई ट्रॉली थांबवून विचारते, तुम्हीच ना आमचा बॉयलर दुरुस्त करायला आला होतात? आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं तिला विचारता, मग आता नीट चालतोय ना? मी शेजारी ब्रेडचं पाकीट धरून हसू दाबत उभा आहे.

मी तुमच्याकडे आलो तो काही मोठी स्वप्नं घेऊन नाही. बायको हॉस्पिटलात डॉक्टर, आम्ही हॅरोला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि माझं सॉफ्टवेअरचं कॉन्ट्रॅक्ट संपून सात महिने झालेले. कॉलेजात एकांकिका स्पर्धांमध्ये बक्षिसं घेतली होती, त्या जोरावर वॉटफर्डजवळच्या एका स्टुडिओत गर्दीतला माणूस म्हणून नाव नोंदवलं. लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतरच्या त्या वर्षांत माझ्यासारख्या सावळ्या, दाढीवाल्या माणसाला काम भरपूर होतं, फक्त एकाच प्रकारचं. बॅग ठेवायची, काहीतरी ओरडायचं आणि गोळी खाऊन पडायचं. बायको कामावरून येऊन शूज काढता काढता म्हणायची, "परत मेलास? आई फोनवर विचारतायत, सीरियल कुठे बघायला मिळेल म्हणून. मी त्यांना काय एक्सप्लेन करू?" असाच एकदा मी मेलो, तुम्ही मॉनिटरवर ते पाहिलंत, चालत माझ्यापर्यंत आलात आणि म्हणालात की इतकं वाईट मरण फार दिवसांत पाहिलं नव्हतं, शनिवारी सकाळी घरी ये.

तुमच्या स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलेलं आहे. बाई, म्हणजे तुमच्या पत्नी, चहा ठेवून बाहेर बागेत गेल्यायत, आमच्या आदळआपटीनं कपाटातली भांडी वाजतात ते त्यांना ऐकवत नाही. तुम्ही मला फरशीवर पाडताय, उठवताय, पुन्हा पाडताय. आधी मांडी, मग कुल्ला, मग पाठ, डोकं कधीच नाही. मारणारा काही करत नसतो, हे मी तिथे शिकलो. मारामारी चालवतो तो मार खाणारा. गळा आवळणाऱ्याचे हात नुसते ठेवलेले असतात, तडफडण्याचं काम दुसऱ्याचं. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जातो, कॅमेरा पाठीमागे असल्यामुळे तो लागल्यासारखा दिसतो, आणि आवाज मार खाणाराच स्वतःच्या छातीवर थाप मारून काढतो. आणि हात उचलायच्या आधी, प्रत्येक वेळी, दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून मान हलवायची. समोरच्याची मान हलली नाही तर हात खाली. एका शनिवारी मी कुठल्यातरी नकारावर चिडून आलो होतो आणि माझा हात तुमच्या नाकासमोरून वाऱ्यासारखा गेला. तुम्ही मनगट धरलंत. रागावलेला माणूस या कामाला चालत नाही म्हणालात, घरी जा, राग उतरला की ये. पस्तिशीचा माणूस मी, चहा न पिता शाळेतल्या पोरासारखा बाहेर पडलो. पुढच्या शनिवारी तुम्ही मला तुमचे जुने, चामड्याचे गुडघ्याचे पॅड दिलेत आणि त्या विषयावर पुन्हा काही बोलला नाहीत.

मग ती मालिका आली. तुम्ही अमेरिकन चौकशी अधिकारी, मी पकडलेला संशयित. माझ्या आयुष्यातलं पहिलं संवादाचं काम, आणि ते तुम्ही दिग्दर्शकाच्या मागे लागून मिळवून दिलं होतंत. तीन दिवस तुम्ही मला मारायचं, बादलीत डोकं बुडवायचं, केस धरून टेबलावर आपटायचं, आणि तिसऱ्या दिवशी मी हात सोडवून तुम्हाला एकच ठोसा मारायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ट्रेननं घरी निघालो होतो. मधल्या एका स्टेशनवर दोन पोलिसांनी मला बाजूला घेतलं. बॅगेत काय होतं तर घरी सरावासाठी घेतलेला, नकली रक्तानं माखलेला शर्ट आणि पानोपानी स्फोटाचे उल्लेख असलेली संहिता. माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत त्यांनी मला भिंतीला लावलं. एकानं मान दाबून धरली, विटेवर गाल खरचटला, दुसऱ्याच्या बुटानं माझे पाय फाकवले. फलाटावर ऑफिसातून परतणारी माणसं होती, त्यातली दोघं रोज माझ्याच डब्यात असायची. त्यांनी पेपर वर धरले. घरी मी बायकोला सांगितलं की सेटवर पडलो.

सकाळी मेकअपच्या खुर्चीत तुम्ही गालाकडे बघून विचारलंत, आणि मी तुम्हाला, फक्त तुम्हाला, सगळं सांगितलं. तुम्ही हसलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात, त्या शर्टावर आणि संहितेवर. मग ते दिग्दर्शकाला सांगितलंत, मग कॅमेरामनला, बुटाची नक्कल करून. चहाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या युनिटला माझी गोष्ट पाठ झाली होती आणि प्रत्येक जण माझ्या पाठीवर थोपटत होता. मी सँडविच तसंच ठेवलं. सेटवर जाताना तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "वापर ते, सीनमध्ये." तुमच्या मनात माझं भलंच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दिवा लाल होतो. तुम्ही माझे केस धरून डोकं टेबलावर आणता, हलक्या हातानं, नेहमीसारखं सांभाळून. माझा हात सुटतो. तुम्ही माझ्या डोळ्यांत बघता आणि मान हलवता. मीही हलवतो. अंतर मला बरोबर दिसत होतं, सर. जमिनीवर पांढऱ्या पट्टीची खूण होती, पायाला ती जाणवत होती. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि खांद्यापासून सगळा जोर लावून मारलं. तुमचा हात छातीवर थाप मारायला गेला आणि थाप वाजायच्या आधी दुसराच आवाज झाला, सुकी फांदी मोडल्यासारखा. आणि तुम्ही काय केलंत? ठरल्याप्रमाणे पडलात. आधी मांडी, मग कुल्ला, मग पाठ. तोंडातून रक्त आलं, दात बाहेर आला, तरी कट म्हणेपर्यंत तुम्ही मेलेल्या माणसासारखे पडून राहिलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक उडी मारून उठला. मी तिथे उभा होतो, माझी बोटं सुजत होती, आणि मला अतिशय बरं वाटत होतं. हे बरं वाटणं किती वेळ टिकलं ते मला मोजता येणार नाही, पण ते होतं, पुरतं होतं.

हॉस्पिटलात तुमचे वरचे-खालचे दात तारेनं बांधलेले होते. बायकोनं थर्मासमध्ये मुगाचं पातळ कढण दिलं होतं, तुम्ही ते नळीनं प्यायलात आणि अंगठा वर केलात. मग वहीवर लिहिलंत, पाय सरकला का? मी हो म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात, ज्या नजरेनं शनिवारी माझं पडणं तपासायचात तिनं. त्या दिवशी दुपारी निर्मात्यांची माणसं कागद घेऊन आली तेव्हा तुम्ही त्यांना लिहून दिलंत की खुणेवरून सरकला तो तुमचाच पाय, पोराचा काही दोष नाही. माझं काम वाचलं. तुमचा जबडा जुळला, पण जोडाक्षरं तोंडात अडकायला लागली, बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. फोन बंद झाले. शेवटचं काम तुम्ही केलंत ते शवागारातल्या प्रेताचं. चादर, फळी आणि एकही शब्द नाही. दोन वर्षांत तुम्ही गेलात, हृदयविकारानं. बाईंनी अंत्यविधीला मला बोलायला सांगितलं आणि मी बॉयलरवाल्या बाईचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं.

तो टेक मालिकेत जसाच्या तसा गेला. माझ्या कामाचे नमुने जोडून जी चार मिनिटांची फिल्म मी सगळीकडे पाठवतो, तिची सुरुवात त्याच ठोशानं होते. त्यानंतरची सगळी कामं मला त्यावर मिळाली. बायकोलासुद्धा मी अजून सांगितलेलं नाही, आणि तिनं कधी विचारलंही नाही.

बाई अजून वॉटफर्डच्याच घरी आहेत. दर नाताळात त्यांचं कार्ड येतं, त्यात हटकून एक ओळ असते, की तुम्हाला माझ्याबद्दल फार वाटायचं. तुमच्यानंतर या पत्रावर कुणाचा हक्क असेल तर त्यांचाच. पत्ता मला पाठ आहे, जायला गाडीनं वीस मिनिटं लागतात. पण तुम्हाला किंवा त्यांना एक अक्षर कळावं असं मला खरंच वाटलं असतं, तर मी हे मराठीत लिहिलं नसतं.