मामंजींना पुण्याला न्यायचं म्हणे!

प्रिय ताई,

गेल्यावर तरी माणूस गप्प बसतं! काल तुझा दहावा झाला आणि काल तू मला जे कबूल करायला लावलंस, त्याचा राग अजून डोक्यातून जात नाही. भांडायला तू नाहीस, म्हणून हे पत्र.

किती वर्षं हसवलंस गं लोकांना! टीव्हीवर तुझी ती कजाग सासू लागली की इथे आखातात, मंगफला आमच्या हॉलमध्ये शेजारपाजारचे सगळे गोळा व्हायचे. आधी कुणीतरी पुण्याहून आणलेल्या कॅसेटी, मग डिश आली. त्यांना काय माहीत, ही सासू पर्समध्ये स्टुडिओतल्या कुत्र्यांसाठी बिस्किटांचे पुडे घेऊन फिरते! सगळं युनिट खोळंबलेलं आणि तू मेकअपसकट जमिनीवर बसून कुठल्यातरी कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधतेयस. दिग्दर्शक ओरडला की म्हणायचीस, "माझा सीन थांबेल हो, ह्याचं रक्त थांबत नाहीये." तुला कामावरून काढलं कसं नाही, हे मला कोडंच आहे.

आणि इथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावलं तेव्हा? अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. तू काय केलंस? हॉलमागे जनरेटरच्या आडोशाला सापडलेलं, एका डोळ्याने अधू मांजराचं पिल्लू त्याच शालीत गुंडाळून माईकपाशी आणलंस. "ह्याला कुणी घरी न्याल का?" लोक हसले. "अहो, खरंच विचारतेय. इथल्या उन्हाळ्यात हे जगायचं नाही." आणखी हसले, वर टाळ्या! त्यांना वाटलं, हाही तुझा प्रवेशच. मी पहिल्या रांगेत होते, तुझा चेहरा मला दिसत होता. शेवटी मीच उठले, "आण इकडे," म्हटलं आणि फणफणत ते पिल्लू घरी आणलं.

नाव तरी धड ठेवायचं! "अगदी तुझ्या सासऱ्यांसारखं बघतंय," म्हणून मामंजी! आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तू गेलीस परत. केस, उलट्या आणि इमारतीच्या रखवालदाराची रोजची कटकट, "मदाम, नो कॅट, नो कॅट!", हे सगळं माझ्या गळ्यात. आणि दर शुक्रवारी तुझा फोन, "मामंजी जेवले का?" एकदा तरी "मंदे, तू जेवलीस का?" असं विचारलंस? हॉस्पिटलमधून केलेल्या शेवटच्या फोनवरही तेच! मी तुझा ताप विचारतेय आणि तू मांजराची शी विचारतेयस.

आता ह्यांची नोकरी संपली, इथे राहायच्या परवान्याचा अकामाही संपत आला, महिनाअखेरीस आम्ही कायमचे पुण्याला. हे म्हणाले, "मांजर इथेच सोडू. जाणारे सगळे सोडतात." मीही मान डोलावली होती. म्हातारं मांजर, त्याच्या लसी, कागदपत्रं, पिंजरा, विमान. कोण निस्तरणार?

आणि काल तुझ्या ओंकारचा फोन, थेट घाटावरून. "मावशी, पिंडाला कावळा शिवत नाहीये गं. आईची कुत्री सांभाळीन म्हटलं, तिची मालिका परत लावायला सांगीन म्हटलं, तरी नाही. आता तूच बोल काहीतरी." आणि पठ्ठ्याने मोबाईल पिंडासमोर धरला! मी स्वयंपाकघरात, हाताला कणीक, पायाशी मामंजी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. तरी तोंडातून निघालंच, "नेते गं बाई त्याला! इथे सोडत नाही. आता तरी घास घे."

"मावशी, शिवला!" ओंकार ओरडला. मागे कुणीतरी हसलंसुद्धा. तिथेही!

मी कणकेच्या हातांनीच डोळे पुसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले, आणि तेही चिडून. हे दारात उभं राहून सगळं ऐकत होते. थोड्या वेळाने टेप घेऊन आले आणि मामंजींची लांबी मोजायला लागले.

तेव्हा ऐक, ताई. तू जीव तोडून मागायचीस आणि लोकांना तो विनोद वाटायचा. मला कधीच वाटला नाही, म्हणून तर एवढी चिडायचे तुझ्यावर. मामंजी आमच्याबरोबर येतील. शब्द आहे माझा, आणि ह्यात हसण्यासारखं काहीही नाही.

तुझी,
मंदा