एकच सरळ नाणं

३ तारीख, मंगळवार
आजपासून रोजनिशी. पुढे मुलाखती होतील तेव्हा तारखा आठवायला बऱ्या.
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. टांकसाळीत ठसा फिरला की नाण्याची मागची बाजू उलटी उमटते. असं नाणं लाखात एखादं. शौकीन लोक म्हणे वाट्टेल ती किंमत देतात. व्हिडिओ अर्धाच पाहिला, मुद्दा कळला. खिशातलं नाणं काढून कॅलेंडरचं पान उलटतात तसं खालून वर उलटलं. आकडा खाली डोकं वर पाय! चहा सांडला.

तीच तारीख, संध्याकाळ
बायकोच्या पर्समधली नाणी तपासली. सगळी उलटी. लाखात एक, आणि आमच्याकडे पर्सभर! याला म्हणतात नशीब.

५, गुरुवार
ऑफिसात लक्ष लागेना. स्टेपलरची पिन बोटात. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. गालातल्या गालात हसलो. बिचारे. राजीनाम्याचा मसुदा तयार आहे. नम्र, पण झोंबेल असा.
चहावाल्याकडून सुटे घेतले. तेही उलटे. म्हणजे टांकसाळीत केवढा तरी घोळ झालाय आणि तो फक्त माझ्या लक्षात आलाय.

६, शुक्रवार
हिने शिलाई मशीनसाठी पैसे साठवलेत. मागच्या गल्लीतला टेलर जुनं मशीन विकतोय. सोमवारपर्यंत न्या, नाहीतर दुसऱ्याला देईन म्हणालाय. ही शाळेच्या गणवेशांची ऑर्डर घेऊन बसलीये.
ते सगळे पैसे बँकेत नेऊन त्यांची नाणी करून आणली. हिला सांगितलं नाही. सरप्राइज! एक मशीन काय, दुकानच काढून देईन. पिशवीने खांदा उतरला.

७, शनिवार
बसवत नाही, उभं राहवत नाही. पिशवी तपासून संपत आली, सगळी उलटी.
हिला कळलंच. आकाशपाताळ एक केलं. मी शांतपणे डेमो दिला. तर म्हणाली, सगळीच उलटी असतील तर चुकलंय कोण, नाणी की तुम्ही? पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.
एक नाणं मात्र सरळ निघालं. गव्हात खडा. चांगल्या मालात भेसळ नको म्हणून त्याचा चहा पिऊन टाकला.

९, सोमवार
हाफ डे. ही म्हणाली, आज मशीनचा शेवटचा दिवस. म्हटलं, संध्याकाळी बघ काय आणतो ते.
नाण्यांच्या दुकानदाराने पहिलं नाणं उचललं आणि पुस्तकाचं पान उलटतात तसं आडवं उलटलं. आकडा सरळ. दुसरं सरळ. तिसरंही. म्हणाला, तुम्ही वरखाली फिरवत असणार. तसं केलं की सगळीच उलटी दिसतात. व्हिडिओत सांगतात की हे, शेवटी.
विचारलं, वरखाली फिरवून एखादं सरळ दिसलं तर? तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, तेच तर खरं चुकलेलं! कुठाय?
चहावाल्याकडे धावलो. म्हणाला, कुणाला तरी सुट्यात गेलं असेल. वर चहाचं विचारलं. नको म्हटलं.

१०, मंगळवार
मशीन गेलं. काल पिशवी घेऊन टेलरकडे पोचलो तर दुसऱ्याने नोटा देऊन उचललेलं.
राजीनामा फाडला. ही सकाळपासून हाताने शिवतेय, बोटं लाल झालीत. फार वाईट वाटलं. मदत करू का विचारलं, तर शर्ट आणि बटणांची डबी पुढ्यात सरकवली. बटणात काय कठीण? चार भोकं, सुईदोरा. उद्यापर्यंत हात बसेल, आठवड्यात ऑर्डर पुरी.
पहिलं बटण लावून दाखवलं. ही कालपासून पहिल्यांदा बोलली. म्हणाली, उलटं लावलंय.